झाडं सगळ्यात शेवटी येतात

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये एक लहान विमान कोसळलं आणि त्यातले चौघेही दगावले. जागा होती पांतानाल, जगातल्या सर्वांत मोठ्या पाणथळ प्रदेशांपैकी एक. मृतांमध्ये खोंगज्यान यू हे चिनी प्राध्यापक होते. शहरांनी पावसाचं पाणी गटारांतून पळवून लावू नये, स्पंजासारखं शोषून घ्यावं, हे त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं. बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ असा होता आणि सोबत त्यांच्या कामाचे फोटो होते: उथळ तळी, कमरेइतकं गवत, वरून जाणाऱ्या पायवाटा. ते फोटो पाहून बऱ्याच जणांना एक रास्त प्रश्न पडला असणार. यात आर्किटेक्टनं केलं काय? तळं साचतं, गवत उगवतं. त्यासाठी पदवी कशाला हवी?

प्रश्न जुनाच आहे. या धंद्यातलं उत्तम काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारला जातो.

माळी नाही, मग कोण?

लँडस्केप आर्किटेक्चरला मराठीत भूदृश्यरचना म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. इमारतीचा आर्किटेक्ट भिंती आणि छपराचा विचार करतो. भूदृश्यरचनाकार भिंतीबाहेरच्या सगळ्याचा करतो: जमिनीचा चढउतार, पाण्याची वाट, माणसांची वाट आणि चालणाऱ्याची नजर कुठे अडेल, कुठे मोकळी सुटेल. झाडं या यादीत अगदी शेवटी येतात.

टेबलावर पेलाभर पाणी सांडून बघा. टेबल सपाट दिसत असतं, पण पाणी एका बाजूला धावतं. डोळ्याला न जाणवलेला उतार पाण्याला बरोबर कळतो. जमिनीचंही तसंच. मैदानाचा एक कोपरा वीतभर खाली गेला की पावसाळ्यात तिथे डबकं होतं, मातीतली हवा संपते आणि तिथलं महागडं झाड कुजतं. म्हणून आधी उतार ठरतो. मग एके ठिकाणची माती खोदून दुसरीकडे भरतात: खड्ड्याचं तळं होतं, निघालेल्या मातीची टेकडी. मग पाण्याचे नळ आणि निचरे, मग वाटा, आणि हे सगळं झाल्यावर रोपं. नाटकाला गेलेला प्रेक्षक जसा नेपथ्यामागचे खिळे आणि दोऱ्या बघत नाही, तसे आपण बागेत गेल्यावर फक्त शेवटचा अंक बघतो.

सेंट्रल पार्क: शहराच्या मधोमध उभारलेलं रान

न्यूयॉर्कच्या विमानातून काढलेल्या फोटोत मॅनहॅटनच्या मधोमध एक हिरवा आयत दिसतो. इमारतींनी वेढलं तरी एवढं रान शिल्लक राहिलं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कमध्ये ‘शिल्लक राहिलेलं’ फारसं काही नाही. उघडे खडक तेवढे खरे जुने. तळी सगळीच्या सगळी माणसानं केलेली. आज जिथे लोक होड्या वल्हवतात तिथे दलदल होती. माती इतकी निकस होती की सुपीक माती शेजारच्या न्यू जर्सीहून आणावी लागली. सुरुंग लावून खडक फोडले, मैलोगणती निचऱ्याचे नळ पुरले आणि मग अडीच लाखांहून जास्त झाडं-झुडपं लावली.

उद्यानाचा आराखडा निवडण्यासाठी स्पर्धा घेतली होती. १८५८ मध्ये ती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीनं जिंकली. स्पर्धेच्या अटींत एक अडचणीची अट होती. उद्यान चार किलोमीटर लांब. त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला शहराची वाहतूक जायलाच हवी, तेव्हा किमान चार आडवे रस्ते द्या. म्हणजे बागेचे पाच तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेनं माल वाहणाऱ्या घोडागाड्यांचा खडखडाट.

या दोघांनी ते चारही रस्ते जमिनीत खाली उतरवले. सुमारे आठ फूट खोल चर, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि वरून जाणाऱ्या पुलांच्या कडेला इतकी दाट झाडी की चालणाऱ्याला आपण रस्ता ओलांडला हे कळतही नाही. तेव्हा तिथून घोडागाड्या जात, आज मोटारी आणि बस जातात, आणि कल्पना तितकीच चोख काम करते. आत आणखी बारकावा आहे. पायी चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्यासाठी तीन वेगळ्या वाटा. जिथे त्या एकमेकींना छेदतील तिथे एक वरून, एक खालून. मोटारगाडीचा जन्म व्हायचा होता, आणि हे लोक उड्डाणपुलाचं तत्त्व बागेत वापरून मोकळे झाले होते! वाटा मुद्दाम वळणाच्या आहेत, म्हणजे पुढचं दृश्य एकदम समोर येऊ नये. सरळ वाटेवर आपण पोहोचायला चालतो, वळणाच्या वाटेवर पुढे काय आहे ते बघायला.

स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, हाही त्या दोघांपुढचा प्रश्न होता. ‘माळी’ पुरेसं नव्हतं आणि ‘इंजिनियर’ रुक्ष होतं. १८६०च्या दशकात त्यांनी ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायला सुरुवात केली. ओल्मस्टेड यांना ती फारशी आवडत नव्हती म्हणतात, पण चिकटली ती कायमची.

राजा आला की शिट्टी वाजते

सेंट्रल पार्कनं बांधकाम लपवलं. त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी फ्रान्समध्ये नेमकं उलटं चाललं होतं: निसर्ग आमच्या मुठीत आहे हे ओरडून सांगायचं. पॅरिसजवळच्या व्हर्सायमध्ये चौदाव्या लुईनं १६६०च्या दशकात आंद्रे ल नोत्र यांच्याकडून जी बाग करून घेतली, तिच्यात झाडं भिंतींसारखी कापलेली, वाटा सुतात आणि समोर क्षितिजाकडे गेलेला १,६७० मीटर लांबीचा कालवा.

या बागेचा उगम एका मत्सरात आहे. राजाचा अर्थमंत्री निकोला फूके यानं व्हो-ल-व्हिकोंत इथे महाल आणि बाग उभारली होती, तीही ल नोत्र यांच्याच हातची. तिथे नजरबंदीचा एक सुंदर खेळ आहे. महालाच्या पायऱ्यांवरून बाग सलग वाटते. चालत गेलात की अचानक पायाखालची जमीन संपते आणि खाली जवळजवळ किलोमीटरभर लांबीचा आडवा कालवा पसरलेला दिसतो. वरून तो दिसतच नाही, उतारानं झाकलेला असतो. ऑगस्ट १६६१ मध्ये फूकेनं राजाला तिथे जंगी मेजवानी दिली. तीन आठवड्यांच्या आत फूके गजाआड होता, तो पुन्हा कधी सुटला नाही. त्याचे कलाकार मात्र राजानं स्वतःच्या कामाला लावले.

व्हर्सायची खरी गोष्ट पाण्याची आहे. जागा उंचावर, जवळ मोठी नदी नाही, आणि राजाला हवी होती शेकडो कारंजी. पाणी आणायला १६८४ मध्ये सीन नदीवर एक अजस्र यंत्र सुरू झालं: १४ पाणचक्क्या आणि दोनशेहून जास्त पंप, पाणी दीडशे मीटरहून वर चढवणारे. आवाज असा की आसपास राहणाऱ्यांना जीव नकोसा व्हावा. तरीही पाणी पुरेना. एर नदीचं पाणी वळवून आणायला हजारो सैनिक कालवा खणायला जुंपले. १६८८ मध्ये युद्ध सुरू झालं, काम थांबलं, आणि अर्धवट जलसेतूच्या कमानी मँतनों इथे आजही उभ्या आहेत.

मग रोजचं कसं भागायचं? राजा फिरायला निघाला की कारंजेवाले एकमेकांना शिट्टीनं खूण करत. राजा जवळ आला की ते कारंजं सुरू. तो पुढे गेला की बंद. सगळ्या जगाला दिपवणारी बाग एका वेळी एका माणसापुरतीच वाहत होती. मला व्हर्सायमधली ही गोष्ट आरसेमहालापेक्षा जास्त बोलकी वाटते.

कुंपण आहे, पण दिसत नाही

अठराव्या शतकात इंग्रज जमीनदारांना या कापीव बागांचा कंटाळा आला. त्यांना हवी होती हिरवळ, एखादं वाकडं तळं, लांबवर झाडांचे पुंजके, जणू देवानंच ठेवून दिलेलं सगळं. यातला सर्वांत गाजलेला माणूस लान्सलॉट ब्राउन. प्रत्येक मालकाला तो सांगे, तुमच्या जागेत भरपूर ‘केपेबिलिटी’ आहे, म्हणजे वाव आहे. त्यावरून त्याचं नाव केपेबिलिटी ब्राउनच पडलं.

त्याच्या बागांत एक जुनी युक्ती सर्रास दिसते. महालाच्या खिडकीतून पाहिलं तर हिरवळ सलग दूरवरच्या कुरणापर्यंत जाते आणि तिथे गुरं चरत असतात. ती गुरं दारापर्यंत का येत नाहीत? कारण मध्ये एक चर आहे. चराची महालाकडची बाजू उभ्या भिंतीची, कुरणाकडची उताराची. गुरं उतार उतरतात आणि भिंतीपाशी अडतात. वरून मात्र ना चर दिसतो, ना भिंत. या रचनेचं इंग्रजी नाव आहे ‘हा-हा’. ऐनवेळी चर समोर येताच तोंडून जो उद्गार निघतो, त्यावरून ते पडलं असं सांगतात.

ब्लेनहाइम महालासमोर याआधीच एक प्रचंड पूल बांधलेला होता. जॉन व्हॅनब्रो या वास्तुकारानं त्याच्या पोटात खोल्याही काढल्या होत्या. खालून वाहत होता एक किरकोळ प्रवाह, त्यामुळे पूल हास्यास्पद दिसे. १७६०च्या दशकात ब्राउननं पुलाला हातच लावला नाही. त्यानं छोटी ग्लाइम नदी बांध घालून अडवली. पाणी चढलं, पुलाच्या खालच्या खोल्या बुडाल्या आणि पुलाला शोभेल एवढं तळं झालं. आज ते पाहून कुणालाही वाटतं की तळं आधी होतं आणि पूल नंतर बांधला.

जपानमध्ये तर जे आपलं नाहीच, तेही रचनेत घेतात. क्योतोमधल्या एंत्सू-जी मंदिराच्या बागेत बसलं की कुंपणाच्या वर, झाडांच्या खोडांमधून दूरचा हिएई डोंगर दिसतो. डोंगर मंदिराच्या मालकीचा नाही, पण बागेची मागची भिंत तोच आहे. याला जपानीत शाक्केई म्हणतात, उसना घेतलेला देखावा. उसनवारीत धोका असतो: मध्ये कुणी उंच इमारत बांधली तर? क्योतो शहरानं २००७ मध्ये अशा देखाव्यांच्या आड येणाऱ्या बांधकामांवर नियमच घातले. बाग मंदिराच्या आवारात, पण तिच्यासाठी बंधन आवाराबाहेरच्या शहरावर.

मग हा निसर्ग खोटाच ना?

हा आक्षेप सर्वांत तिखटपणे दक्षिण कोरियात घेतला गेला. सोल शहराच्या मध्यातून छंगग्येछन नावाचा ओढा वाहत होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तो काँक्रीटखाली झाकत नेला आणि पुढे त्यावर उन्नत महामार्ग आला. तिथून रोज दीड लाखाहून जास्त वाहनं जात. २००३ मध्ये महापौर ली म्युंग-बाक यांनी तो महामार्ग पाडायला घेतला. दोन वर्षांत, २००५ साली, तिथे सुमारे ५.८ किलोमीटरचा उघडा ओढा, काठानं पायवाटा आणि झाडं झाली. वाहतूक कोलमडेल हे भाकीत खोटं ठरलं. काठावरची हवा शेजारच्या रस्त्यांपेक्षा थंड असल्याचं मोजमापांत दिसलं. ली पुढे देशाचे अध्यक्ष झाले.

पण ओढ्यात पाणी कुठून येतं? मूळ प्रवाह वर्षाचा बराच काळ कोरडाच असे. आता हान नदीतून आणि भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत झिरपणाऱ्या भूजलातून रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी पंपानं आणून सोडतात. टीकाकार म्हणाले, हा ओढा नाही, आडवं झोपवलेलं कारंजं आहे.

मला टीका बरोबर वाटते आणि तरीही ओढा हवासा वाटतो. ‘खरा की खोटा’ या प्रश्नानं फारसं हाती लागत नाही. शेतही माणसानंच केलेलं असतं, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. विचारण्यासारखं हे आहे: हे चालू ठेवायला रोज किती वीज, किती पाणी, किती हात लागतात, आणि ते थांबले तर काय उरतं? पंप बंद झाले तर छंगग्येछनचा बहुतेक भाग पुन्हा कोरडा पडेल. खोंगज्यान यू यांच्या कामाचं वेगळेपण इथेच आहे.

स्पंज शहर पूर थांबवतं का?

यू खेड्यात वाढले. लहानपणी पुराच्या पाण्यात पडले असता काठच्या वाळुंजाच्या फांद्या आणि लव्हाळ्यांनी आपल्याला तारलं, हा प्रसंग ते सांगत. काठ काँक्रीटचा असता तर पाण्यानं वाहून नेलं असतं, हा त्यांचा निष्कर्ष.

त्यांची कल्पना अशी. काँक्रीटच्या नाल्याचं काम पाण्याला पुढे ढकलणं. प्रत्येक वस्तीनं पाणी पुढे ढकललं की शेवटच्या वस्तीवर सगळं एकदम कोसळतं. त्याऐवजी पाणी पडलं तिथेच थांबवा, त्याचा वेग मोडा, जमिनीत मुरू द्या, आणि जादा पाणी साचायला मोकळी जागा राखून ठेवा. म्हणजे पूर बागेत येईल, घरात नाही.

उत्तर चीनमधल्या हार्बिन शहरात छुनली नावाची ३४ हेक्टर पाणथळ जागा चहूबाजूंनी रस्ते आल्यानं सुकत चालली होती. यू यांच्या संस्थेनं जागेच्या मध्यभागाला हातच लावला नाही. फक्त कडेनं खोद आणि भर केली: तळ्यांची आणि उंचवट्यांची एक माळ. आजूबाजूच्या वस्तीचं पावसाचं पाणी आधी या तळ्यांत येतं, गाळ खाली बसतो, आणि मग ते मधल्या पाणथळीत झिरपतं. लोकांसाठी वरून पायवाटा. गवत कापायचं नाही, माळ्यांची फौज पोसायची नाही. बँकॉकमध्ये तंबाखू कारखान्याच्या जागेवर झालेल्या बेंजाकिट्टी वन-उद्यानातही हेच तंत्र आहे, तिथे खोदलेल्या मातीची असंख्य छोटी बेटं केली.

२०१२ मध्ये बीजिंगमधल्या पुरात ७९ माणसं गेली, त्यानंतर या विचाराला सरकारी पाठबळ मिळालं आणि २०१५ मध्ये १६ शहरांत प्रयोग सुरू झाले. लगेच आक्षेप येतो तो चीनमधल्याच जंगजोऊ शहराचा. तिथेही स्पंज शहराची कामं चालू होती, पैसा ओतला होता, आणि २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, तिथल्या वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ एक तृतीयांश. भुयारी रेल्वेत १४ जण बुडून मेले. मग स्पंजाचा उपयोग काय?

भांडी घासायचा स्पंज पेलाभर पाणी पितो, बादली उपडी केली तर नाही. उथळ तळी आणि मुरणारी जमीन नेहमीचे, आणि त्याहून थोडे जोराचे पाऊस पचवतात. तासाला दोनशे मिलिमीटर पचवतील असं सांगणारा एकतर भाबडा आहे किंवा कंत्राटदार. शिवाय पुष्कळ ठिकाणी ‘स्पंज’ म्हणून पदपथाला सच्छिद्र फरशा बसवल्या गेल्या आणि नदीचे काठ काँक्रीटचेच राहिले. पाण्याला खरी जागा द्यायची तर विकण्याजोगी जमीन सोडावी लागते. फरशा बसवणं त्या मानानं फारच सोपं.

आणि आधी तिथे कोण राहत होतं?

या विषयावरच्या देखण्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा येत नाही. सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून वसलेली, १८५५ मध्ये सुमारे २२५ रहिवासी, त्यांतले दोनतृतीयांश कृष्णवर्णीय आणि बाकीचे बहुतेक आयरिश. अनेकांची स्वतःच्या मालकीची घरं होती, शाळा होती, तीन चर्च होती. शहरानं सक्तीनं जमीन घेतली आणि १८५७ पर्यंत वस्ती उठवली. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्यांना झोपड्यांतले घुसखोर ठरवलं होतं. इंग्लंडमध्ये लॉर्ड मिल्टन यांना महालासमोर गाव नको होतं, म्हणून त्यांनी ते अख्खं पाडून टेकडीआड नवं गाव बसवलं, मिल्टन ॲबस. त्या कामात ब्राउनचाही हात होता. आज पर्यटक त्या नव्या गावाच्या एकसारख्या टुमदार घरांचे फोटो काढतात.

आता बऱ्याचदा कुणाला हुसकावं लागत नाही, भाडं ते काम करतं. न्यूयॉर्कमध्येच जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून हाय लाइन ही बाग टप्प्याटप्प्यानं उघडली. ती रम्य आहे, आणि तिच्या आजूबाजूच्या घरांच्या किमती पाहता तिथला जुना शेजार टिकणं अवघडच होतं. बाग करणाऱ्यांनी वाईट हेतूनं काही केलं असं नाही, पण उतार जसा पाण्याला वाट दाखवतो तशी सुंदर जागा पैशाला दाखवते.

पूर्ण झाली असं कधी म्हणायचं?

इमारत उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत चांगली दिसते, बाग सर्वांत वाईट. ब्राउन १७८३ मध्ये वारला तेव्हा त्यानं लावलेली बरीच ओक झाडं अजून पोरवयात होती. आणि झाडं वाढून थांबत नाहीत, रचना मोडेपर्यंत वाढत राहतात. देखभाल सुटली तर काय होतं हे सेंट्रल पार्कनं १९७०च्या दशकात दाखवलं. हिरवळींची धूळ झाली होती, आणि १९८० मध्ये नागरिकांनी स्वतंत्र संस्था काढून पैसा उभा केला तेव्हा कुठे ते सावरलं.

व्हर्सायमध्ये तर झाडं पुन्हा पुन्हा मुळापासून लावावी लागली आहेत. सोळाव्या लुईनं १७७४ मध्ये गादीवर आल्यावर म्हातारी झालेली झाडं सरसकट तोडून नवी लावली. २६ डिसेंबर १९९९ रोजी आलेल्या वादळानं काही तासांत सुमारे दहा हजार झाडं आडवी केली. तेव्हा जगभर हळहळ झाली. पण उरलेली झाडं ल नोत्र यांनी ठरवलेल्या उंचीच्या कितीतरी वर गेली होती आणि त्यांनी आखलेल्या दिशा झाकून गेल्या होत्या. वादळानंतर जुन्या आराखड्यांनुसार नवी रोपं लागली. त्यानंतर गेलेल्या पर्यटकांना बुटक्या झाडांच्या रांगांवरून थेट दूरवर नजर जाणारी बाग दिसली, साधारण चौदाव्या लुईला दिसली असेल तशी. ती झाडंही आता पंचवीस वर्षांची झाली आहेत.